सड्यावरचा वणवा: या चुका टाळा

किनाऱ्यावरच्या गावात अग्निशमनची नोकरी म्हणजे आराम, पाणी काय समोरच आहे, असं पाहुण्यांना वाटतं. पाणी खाली असतं आणि आग वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर. रत्नागिरी, राजापूर, देवगड, कुठेही जा. पावसाळ्यात कातळावर माजलेलं गवत डिसेंबरात पिवळं पडतं आणि फेब्रुवारीत फक्त काडीचा अवकाश असतो. तिथून पाऊस येईपर्यंत फोन वाजत राहतो. आपोआप लागलेली आग क्वचित. बहुतेक आगी कोणीतरी 'जरा साफसफाई' म्हणून लावलेल्या आणि हाताबाहेर गेलेल्या असतात. चुकाही ठरलेल्या.

पहिली आणि सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे "आज वारा नाही" म्हणून सकाळी दहाला काडी लावणं. किनाऱ्यावर वाऱ्याचं वेळापत्रक असतं. रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तो सकाळी बराच वेळ टिकतो आणि कोरडा असतो. दहिवराने, म्हणजे दवाने, ओलसर झालेलं गवत ऊन वर आलं की तासाभरात सुकतं. मग जमीन तापते, अकरा-बाराच्या सुमारास वारा पडतो, पानही हलत नाही. नवखा माणूस इथे फसतो. थोड्याच वेळात समुद्रावरून, बहुतेकदा वायव्येकडून, खारा वारा सुरू होतो आणि दुपारी जोर धरतो. म्हणजे सकाळी जी आगीची कुशी (बाजूची कड) होती, तेच दुपारी तिचं तोंड (पुढे धावणारी बाजू) होतं.

असाच एक बागवाला, शहरातून येऊन जागा घेतलेला. हापूसची कलमं नवी, कुंपण नवं, उत्साह दांडगा. कलमांच्या पश्चिमेला त्याने सकाळी जाळपट्टा, म्हणजे आग अडवायला आधीच गवत जाळून मोकळा केलेला पट्टा, काढायला घेतला. चार गडी, दोन कळशा पाणी. वारा पूर्वेचा होता, आग कलमांपासून लांब, उघड्या कातळाकडे चालली होती. दिसायला सगळं झकास. तिची लांबट जीभ झाली, पुढचं टोक कातळावर जाऊन विझलं आणि गडी चहाला बसले. पण जिभेची दक्षिणेकडची कड विझली नव्हती, गवताच्या बुडात धुमसत होती. बाराच्या पुढे वारा फिरला आणि ती अख्खी कड एकदम आग्नेयेला निघाली. त्याच्या जळालेल्या पट्ट्याला वळसा घालून शेजाऱ्याच्या काजूत शिरली.

आम्ही पोचलो तर बंबाला आत जायला वाट नाही, मधे चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण. होज जोडत जोडत नेले तरी कमी पडले. शेवटी गडगा उतरून हिरव्या डहाळ्यांनी झोडपत आग आटोक्यात आणली आणि पाणी पाठीवरच्या पंपांनी नेलं. काजूखालचा पातेरा, म्हणजे वाळक्या पानांचा थर, घोटाभर जाड. वरून विझलेला दिसायचा आणि पायाने उकरला की आत लाल. शेजाऱ्याचा बी धरलेला काजू डोळ्यांदेखत होरपळला. बागवाला पुन्हापुन्हा एकच सांगत होता, "अहो साहेब, वारा तर पडला होता!"

पडला होता, म्हणूनच.

याला माझा उपाय शास्त्रीय वगैरे नाही. आमच्या घरच्या बागेत मी पट्टा जाळतच नाही. दिवाळीनंतर गवतात थोडी ओल असतानाच कोयतीने कापून, ओढून पट्टा उघडा करतो. कंबर मोडते, पण शेजाऱ्याशी बोलणं राहतं. ज्यांना जाळायचंच आहे त्यांनी ते डिसेंबरातच उरकावं, संध्याकाळी खारा वारा मंदावल्यावर, आग वाऱ्याच्या विरुद्ध सरकेल अशी लावून, पाणी आणि माणसं जवळ ठेवून, आणि रात्रीचा वारा सुटायच्या आत पार विझवून. राखीव जंगल लागून असेल तर काडी खिशातच ठेवा. १९२७च्या भारतीय वन अधिनियमाचं कलम २६ तुमची साफसफाई ऐकून घेणार नाही. वारा बघायला मी अ‍ॅप उघडत नाही, जेटीवरच्या बोटींचे बावटे बघतो. ते वाऱ्याबरोबरच फिरतात.

सकाळचा पूर्वेचा वारा दुपारपर्यंत हटला नाही, तर तो दिवस सगळ्यात वाईट. खारा वारा उशिरा येतो, दमटपणा उतरतो, पारा चढतो. फेब्रुवारी २०२३मध्ये हवामान विभागाने कोकणासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला तेव्हा अशीच हवा होती. किनाऱ्यावर ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त, हा लाटेचा निकष आहे. आम्ही त्याची वाट बघत नाही. पहाटे अंगणात दहिवर नसलं की मी बंबाची टाकी परत तपासतो.

दुसरी चूक, आग विझायच्या आधी घरी जाणं. ज्वाळा गेल्या म्हणजे आग गेली, असं समजणाऱ्यांना काय म्हणावं! वाळलेल्या शेणात, काजूच्या जुन्या खोडात, गडग्याच्या चिऱ्यांमधे साचलेल्या पाल्यात ती रात्रभर बसते. गडगा फार फसवा. आग त्याच्या अलीकडे थांबलेली दिसते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पलीकडून धूर निघतो. मी निघण्याआधी जळालेल्या कडेने चालत जातो आणि राखेवर तळहाताची मागची बाजू धरतो. ऊब लागली की तिथे उकरायचं, पाणी, परत उकरायचं. नवीन पोरांना याचा कंटाळा येतो, पाण्याचा फवारा मारून निघायची घाई असते. बंबात साडेचार-पाच हजार लिटर पाणी असतं, मोठी ब्रँच (होजच्या टोकाची नळी) उघडली की ते दहा-बारा मिनिटांत संपतं आणि राखेखालचा निखारा तसाच राहतो.

बाकीच्या थोडक्यात.

चढावर आगीच्या वर उभं राहू नका. उतार दर १० अंशांनी वाढला की आग साधारण दुपटीने पळते, तुम्ही नाही.

नायलॉनचा टी-शर्ट घालून विझवायला येऊ नका. सुती घाला.

भाजावळीचा कवळ, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला पसरलेला पाला, पेटवून जेवायला जाऊ नका. जेवण आधी.

तारांखालचं गवत कापा, पण आग तारांखाली गेली तर पाणी मारू नका, आधी वीज बंद करायला सांगा.

उपग्रहाच्या नकाशावर ठिपका नाही म्हणजे आग नाही, हा नवा शहाणपणा. ज्या उपग्रहांचे ठिपके तुम्ही बघता ते दुपारी दीडच्या आसपास आणि रात्री तेवढ्याच सुमारास डोक्यावरून जातात. तीनला लागलेली आग त्यांना रात्री दिसणार, तोवर बाग संपलेली असते.

आणि १०१ किंवा ११२ला फोन करून "सड्यावर आग लागलीय" एवढंच सांगू नका. सडे पुष्कळ आहेत. वाडी सांगा, जवळचं देऊळ किंवा शाळा सांगा, बंब कुठपर्यंत येईल ते सांगा, जवळ विहीर आहे का ते सांगा. एक माणूस फाट्यावर उभा करा. मग फोन खिशात ठेवा, व्हिडिओ काढत बसू नका. वाट चुकली की आम्ही त्याच नंबरवर फोन करतो.