आरसी ट्रकची पकड सुधारताना: आधी टायर, मग शॉक्स, सर्वांत शेवटी डिफ

आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारा, १/१० आकाराचा फोर-व्हील-ड्राइव्ह शॉर्ट कोर्स ट्रक (ऑफ-रोड शर्यतीच्या ट्रकची छोटी प्रतिकृती) गुळगुळीत जमिनीवर सरळ रेषेत उत्तमच पळतो. त्याची खरी परीक्षा मुरमाच्या मैदानावर, वळणात होते. तिथे एक तर पुढची चाके वळवूनही ट्रक सरळच जात राहतो, नाहीतर थ्रॉटल देताच मागची बाजू घसरून तो जागच्या जागी गर्रकन फिरतो. अशा वेळी अनेक जण अधिक ताकदीची मोटर किंवा ॲल्युमिनियमचे आर्म (चाकाला सांगाड्याशी जोडणारे दांडे) घेण्याच्या मागे लागतात, आणि माझ्या मते हा खर्च चुकीच्या जागी होतो. चारही चाकांना ताकद मिळत असली तरी टायर जेवढी पकड देईल तेवढीच ताकद जमिनीवर उतरते; म्हणून सुधारणेचा क्रम टायरपासून सुरू व्हावा आणि तो मोडू नये.

टायर निवडताना जमीन पाहावी. सुट्या मातीत आणि फुफाट्यात उंच, विरळ गुट्ट्यांचा (पृष्ठभागावरच्या रबरी उंचवट्यांचा) टायर मातीत रुततो आणि ट्रकला पुढे ढकलतो. पाणी मारून दाबलेल्या, टणक जमिनीवर त्याच उंच गुट्ट्या वाकतात, ट्रक डुलतो, आणि तिथे बुटक्या, दाट गुट्ट्यांचा मऊ रबराचा टायर सरस ठरतो. डांबरी रस्त्यावर मात्र मऊ टायर फार लवकर झिजतो. टायरच्या आतला फोमही दुर्लक्षून चालत नाही. तो फार मऊ असेल तर वळणात टायर एका बाजूला दुमडतो. रिमवर टायर चिकटवण्यापूर्वी दोन्हींच्या कडा अल्कोहोलने पुसून घ्याव्यात, कारण कारखान्यातील साच्याचे तेलकट अंश राहिले तर झटपट सुकणारा गोंदही पहिल्याच जोरदार उडीत सुटतो.

टायर ठीक असतील तर पुढचा प्रश्न असा, की ते जमिनीला टेकलेले राहतात का. हे काम शॉक्सचे, म्हणजे धक्के शोषणाऱ्या तेल भरलेल्या नळ्यांचे आहे, आणि सर्वाधिक वेळ येथेच द्यावा. प्रथम चारही शॉक्स काढून ठेवावेत आणि प्रत्येक आर्म हाताने उचलून सोडावा. तो स्वतःच्या वजनाने अलगद खाली पडला पाहिजे. कुठे अडकत असेल तर वाकलेली पिन किंवा आत बसलेली माती शोधावी, कारण अडकणाऱ्या आर्मवर कोणतेही तेल आणि कोणतीही स्प्रिंग उपाय ठरत नाही.

शॉक भरताना तो उभा धरून दांडा पूर्ण खाली ओढावा, सिलिकॉन तेल काठापर्यंत ओतावे आणि दांडा अगदी सावकाश वर-खाली करावा. पिस्टनच्या भोकांतून बारीक बुडबुडे वर येऊ लागतात. ते येणे थांबेपर्यंत शॉक तसाच उभा ठेवावा, घाईने टोपण लावू नये. आत राहिलेली हवा दाबली जाते, तेल दाबले जात नाही, त्यामुळे बुडबुड्यांचा शॉक पहिल्या फेरीत एक आणि पाचव्या फेरीत दुसरेच वागतो. टोपण लावल्यावर दांडा आत ढकलताना ‘पचपच’ असा आवाज आला तर शॉक पुन्हा उघडावा. शेवटी पुढची जोडी आणि मागची जोडी शेजारी धरून, दांडे पूर्ण बाहेर असताना, व्हर्नियर कॅलिपरने लांबी मोजावी. डाव्या-उजव्या शॉकमध्ये फरक नसावा.

तेलाच्या दाटपणाबाबत बाटलीवरच्या ‘वेट’ या आकड्यावर विसंबू नये, कारण तो प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. सीएसटी (सेंटिस्टोक्स, दाटपणाचे प्रमाणित एकक) हा आकडा पाहावा. या आकाराच्या ट्रकसाठी ३५० ते ५०० सीएसटी ही सुरुवात योग्य आहे. उष्णतेने सिलिकॉन तेल पातळ होते, म्हणून एप्रिल-मेच्या दुपारी एक पायरी दाट तेल घ्यावे आणि थंडीत एक पायरी पातळ. चाचणी सोपी आहे: बॅटरी आणि बॉडी चढवून ट्रक वीतभर उंचीवरून सपाट जमिनीवर सोडावा. तो खाली बसून एकदाच वर येऊन स्थिरावला तर तेल जवळपास बरोबर आहे. चॅसिस जोरात आपटली तर तेल पातळ आहे आणि चाकांसह ट्रक उसळला तर दाट आहे. स्थिरावलेल्या ट्रककडे मागून पाहिले असता चाकांकडे जाणारे ड्राइव्हशाफ्ट जवळपास आडवे दिसावेत. नसतील तर शॉकवरची कॉलर (स्प्रिंग धरणारी कडी) फिरवून उंची जुळवावी. त्यानंतर पुढच्या बंपरच्या बरोबर मध्याखाली स्क्रूड्रायव्हरचे टोक घालून ट्रक हळूच उचलावा. पुढची दोन्ही चाके एकाच क्षणी जमीन सोडत असतील तर भार समान आहे. एखादे आधी उठत असेल तर ट्रक डाव्या आणि उजव्या वळणात वेगवेगळा वागणारच. मागेही हेच करून पाहावे.

चाकांच्या कोनांसाठी फार खटपट नको. चाकाचा वरचा भाग एक ते दोन अंश आत झुकलेला ठेवावा. पुढची चाके सरळ किंवा एक अंश बाहेर, आणि मागची दोन ते तीन अंश आत वळलेली असली की थ्रॉटलखाली मागची बाजू शांत राहते.

एवढे झाल्यावरच डिफरन्शियलचे (डिफचे, म्हणजे चाकांना वळणात वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचाचे) तेल बदलावे, कारण डिफचा परिणाम शॉक्सच्या दोषात सहज झाकला जातो. तीन डिफ असलेल्या ट्रकमध्ये पुढे ५,०००, मधे ७,००० आणि मागे ३,००० सीएसटी ही मुरमासाठी चांगली सुरुवात आहे. पुढचे तेल पातळ केले तर थ्रॉटल सोडून वळणात शिरताना ट्रक अधिक वळतो, दाट केले तर वळणातून बाहेर पडताना पुढची चाके जास्त ओढतात. मधले तेल फार पातळ असेल तर जोरात थ्रॉटल देताच हलकी झालेली पुढची चाके हवेत नुसती फिरतात आणि मागच्यांना ताकद कमी पडते. मागचे पातळ तेल वळणातली बाजूची पकड वाढवते. ट्रक मागून सुटत असेल तर पहिला प्रयत्न येथे करावा. मधल्या डिफऐवजी स्लिपर क्लच (झटका बसताच थोडा घसरणारा क्लच) असेल तर तो किंचित सैल केल्याने सुट्या मातीवरचा पहिला झटका सौम्य होतो, पण फार सैल ठेवल्यास त्याचे पॅड जळतात.

रिमोटवरची सोय विनामूल्य आहे आणि तिचा उपयोग करावा. स्टीअरिंगचा एक्स्पो (मध्याजवळचा प्रतिसाद सौम्य करणारी सेटिंग) थोडा वाढवला की मध्याजवळ ट्रक बुजत नाही. स्पीड कंट्रोलरचा पंच (सुरुवातीच्या झटक्याचा जोर) कमी केला की घसरड्या जागी चाके नुसती कमी फिरतात.

शॉर्ट कोर्स ट्रकची एक खास अडचण बॉडीची आहे. उंच उडीत रुंद बॉडीखाली हवा साठते आणि नाक वर जाते. मागच्या चाकांच्या मागे आणि मागच्या बंपरच्या वरच्या भागात बॉडी कापून हवेला वाट दिल्यास हा त्रास बराच कमी होतो. उरलेले हवेतच हलक्या ब्रेकने सावरता येते, कारण ब्रेकने नाक खाली येते आणि थ्रॉटलने वर जाते.

प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी, त्याच बॅटरीच्या चार्जवर, त्याच वळणावर काही फेऱ्या माराव्यात आणि आधीचे व नंतरचे आकडे वहीत लिहावेत. फेरी संपताच मोटरचे तापमानही पाहावे. ते ७० अंश सेल्सिअसच्या वर जात असेल तर एक-दोन दात कमी असलेला पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) लावावा, आणि तो बसवताना पिनियन व त्याला जुळणाऱ्या मोठ्या स्पर गिअरच्या दातांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी धरून मोटरचे स्क्रू आवळावेत, म्हणजे पट्टी काढल्यावर दातांमध्ये योग्य तेवढी फट राहते.