दुसरा मॉनिटर जोडताना आधी पोर्ट बघा

डेस्कटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल, तर दोन्ही मॉनिटरच्या केबल कार्डाच्याच पोर्टमध्ये लावा. मदरबोर्डवरचं (कॉम्प्युटरच्या मुख्य सर्किट बोर्डावरचं) एचडीएमआय पोर्ट मोकळं दिसतं म्हणून तिथे केबल खुपसली, की बऱ्याचदा स्क्रीन काळीच राहते आणि बोल मात्र बिचाऱ्या मॉनिटरला लागतो. चित्र आलं, की विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा, म्हणजे एकच डेस्कटॉप दोन्ही स्क्रीनवर पसरतो. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये १ आणि २ अशा चौकटी दिसतील. टेबलावर मॉनिटर जसे ठेवलेत तशाच त्या ओढून लावा, नाहीतर माउसचा बाण भलत्याच कडेने पलीकडे जातो. रिफ्रेश रेटही, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला किती वेळा ताजं होतं तो आकडा, तपासा; १४४ हर्ट्झचा मॉनिटर कित्येकदा ६० वरच चालत असतो.