समोरच्याची खबर आणि चंद्राची शर्यत: निर्णय कशामुळं झाला ते तारखा लावून कसं तपासायचं

गावच्या अभ्यासिकेत संध्याकाळी बसणाऱ्या पोट्ट्यांसाठी लिहितोय, पण कोणालाही जमेल. चंद्राच्या शर्यतीवर भाषण असो का विज्ञान प्रदर्शनाचा चार्ट, सगळे एकच ओळ ठोकतात, रशियाला घाबरून अमेरिकेनं घाई केली. तसं लिहायच्या आधी तपासा राजेहो.

वहीचं जोडपान उघडा, तीन रकाने पाडा. पहिल्यात समोरच्याबद्दल काय कळलं, कसं कळलं, कधी. दुसऱ्यात निर्णय काय झाला, कधी. तिसऱ्यात त्या निर्णयाला घरचं कारण काय होतं. हा तिसरा रकाना कोणी पाडतच नाही. शेजारच्या वावरात बोअरची गाडी दिसली म्हणून आपण बोअर मारला असं सांगतो, पण आपली विहीर तं आधीच आटलेली असते.

आता अपोलो ८ घ्या, म्हणजे माणसं घेऊन चंद्राभोवती फिरून आलेलं अमेरिकेचं यान, यावर नीट वेळ द्या. डिसेंबर १९६७ मध्ये अमेरिकेच्या हेरगिरी उपग्रहाच्या फोटोत रशियाच्या बायकोनूर तळाच्या लाँचपॅडवर अवाढव्य रॉकेट उभं दिसलं, तेच एन-१, रशियाचं चंद्रावर माणूस पाठवायचं रॉकेट. तेव्हा फोटो आजच्यासारखे लगेच खाली यायचे नाहीत, फिल्मची कॅप्सूल पॅराशूटनं उतरायची आणि विमान ती हवेतच आकड्यात अडकवून घ्यायचं, म्हणून फोटो काढल्याची तारीख आणि तो साहेबांच्या टेबलावर पोचल्याची तारीख वेगळी धरा. पुढं १९६८ मध्ये सीआयए या अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेचा अंदाज आला की रशिया वर्षअखेर माणसं चंद्राला चक्कर मारून आणू शकतो. हे झालं पहिल्या रकान्यात.

ऑगस्ट १९६८ मध्ये नासाच्या जॉर्ज लो यांनी अपोलो ८ थेट चंद्राकडं पाठवायचा प्रस्ताव मांडला. तिसऱ्या रकान्यात लिहा, चंद्रावर उतरायचं यान वेळेत तयार होत नव्हतं आणि १९६९ संपायच्या आत माणूस चंद्रावर उतरवायचं ठरलेलं लक्ष्य हातातून जायची वेळ आली होती. हे घरचं कारण खूप मोठं आहे.

आणि रशियाचं बिनमाणसाचं यान झोंड ५? कासवं घेऊन चंद्राला वळसा घालून ते परत आलं सप्टेंबर १९६८ मध्ये, म्हणजे प्रस्तावाच्या नंतर! त्यामुळं झोंड ५ पाहून प्रस्ताव सुचला हे तारखेतच बसत नाही, फार तं दबाव वाढला म्हणा, कारण जाहीर घोषणा १२ नोव्हेंबरची आहे. २१ डिसेंबरला अपोलो ८ उडालं.

रशियाच्या बाजूचंही पान करा. त्यांना हेर लावायची तेवढी गरजच नव्हती, नासाचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं. अमेरिकेच्या जेमिनी यानात दोन माणसं जाणार हे माहीत होतं, त्यांनी ऑक्टोबर १९६४ मध्ये आपल्या व्होस्खोद १ यानात तीन माणसं बसवली, जागा नाही म्हणून स्पेससूटशिवाय. हे वाचून माझ्या तं अंगावर काटा येतो, त्या तिघांचा जीव टांगणीला होता.

सीआयएनं प्रदर्शनात मांडलेलं रशियाचं लुनिक हे चंद्रयान एका रात्रीपुरतं गुपचूप उघडून पाहिलं ती गोष्ट पोट्ट्यांना लय आवडते, सांगा, पण त्यानं अमुक निर्णय फिरला असं दाखवता येत नसेल तं दुसरा रकाना कोराच ठेवा.

सरावाला रशियाचं बिनमाणसाचं चंद्रयान लुना १५ घ्या. अपोलो ११ च्या तीन दिवस आधी, १३ जुलै १९६९ ला उडालं, अपोलो ८ चे कमांडर फ्रँक बोरमन यांनी विचारल्यावर रशियानं त्याच्या कक्षेची माहिती दिली, आणि अपोलोचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणेच चालला. तिन्ही रकाने भरून आणा.