ऑब्रिएटा: बहर ओसरताच कात्री लावा

रॉक गार्डनमधल्या, म्हणजे दगडांच्या बागेतल्या, ऑब्रिएटाचा (जमिनीलगत पसरणारं फुलझाड) वसंतातला बहर ओसरला, की बहुतेक जण तिच्याकडे वर्षभर पाहत नाहीत. खरं काम मात्र तेव्हाच असतं. शेवटची फुलं सुकत असतानाच झाड जवळपास निम्म्यावर छाटावं. थोडे दिवस ते केविलवाणं दिसेल, पण घाबरू नये. बुडाकडून दाट नवी फूट येते आणि पुढच्या वसंतात फुलं याच फुटीवर लागतात. छाटणी टाळली तर शेंगा धरतात, झाडाची ताकद बियांत जाते आणि मधला भाग निबर होऊन उघडा पडतो. अशा जुन्या लाकडाला सहसा पालवी फुटत नाही. म्हणूनच छाटताना प्रत्येक काडीवर थोडी हिरवी पानं राहू द्यावीत.

दक्षिण युरोप आणि पश्चिम आशियातल्या खडकाळ उतारांवरचं हे झाड थंडीला दाद देत नाही. मरतं ते मुळांशी साचलेल्या पाण्याने. उष्ण, दमट हवेतही ते टिकत नाही, तिथे हौसेपोटी लावू नये.

नव्या लागवडीसाठी माती, पानखत आणि बारीक खडी समप्रमाणात घ्यावी. मिश्रण ओलं करून मुठीत दाबा. बोट लागताच गोळा फुटला तर निचरा ठीक. चिकटून राहिला तर खडी वाढवा. चुनखडीची खडी मिळाली तर उत्तमच, या झाडाला चुना मानवतो. दिवसभर ऊन लागेल अशी उताराची जागा किंवा दगडांमधली फट निवडावी. फटीत लावताना मुळं मागच्या मातीला नीट भिडवावीत, पोकळी राहिली तर ती सुकतात. बुंध्याभोवती 2 ते 3 सेंमी खडीचा थर द्यावा. झाड जेमतेम 15 सेंमी उंच होतं, पण 60 सेंमीपर्यंत पसरतं. तेवढी जागा सोडा.

छाटणीनंतर आलेल्या कोवळ्या, बिनफुलाच्या फुटींची 4-5 सेंमीची कलमं ओलसर वाळूत, सावलीत सहज मुळं धरतात. बियांपासूनही रोपं होतात, पण मूळ झाडाचा रंग हमखास येत नाही. आवडलेला जांभळा जपायचा तर कलमच करावं.

नत्रयुक्त खत हात राखून द्या, नाहीतर पानं माजतात, फुलं घटतात आणि कोवळ्या शेंड्यांवर मावा ही कीड बसते.