राक्षस मारणाऱ्या पोरांची सिरीज लिहायचीय? मग आधी ठाणं नीट बघा

टीनएजर पोरं रात्री शहरात राक्षसांच्या मागे फिरतात, सकाळी कॉलेजला जातात, घरी कोणाला पत्ता नाही, अशी सिरीज मराठीत लिहायचीय असं म्हणणारे बरेच जण मला भेटतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न हत्यारांचा असतो, तलवार देऊ का, मंत्र देऊ का, हातावर टॅटू देऊ का. हत्यारं नंतर. मी गेली तीन वर्षं अशीच एक सिरीज लिहितेय, राहायला कळव्याला, नोकरी ऐरोलीला, लिहिणं रात्री अकरानंतर, आणि माझा पहिला ड्राफ्ट 240 पानांचा होऊन पूर्ण बाजूला ठेवावा लागला. त्यात काळ्या धुराचा, लाल डोळ्यांचा राक्षस होता, लॅटिन बोलायचा, आणि माझी मावसबहीण, तेव्हा नववीत, ती अर्ध्यावर वाचून म्हणाली, ताई, पण हा एवढ्या लांबून आपल्याकडे आला कशाला? मला उत्तर देता आलं नाही. आता जे सांगतेय ते सगळं त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना सापडलेलं आहे.

अर्बन फँटसी म्हणजे शहर हे मागचं चित्र नसतं, शहरामुळेच गोष्ट घडते. एक सोपी परीक्षा आहे, तुमच्या गोष्टीतलं ठाणं काढून तिथे पुणं किंवा नागपूर टाका, गोष्ट तशीच चालली तर समजा अजून काहीच लिहून झालेलं नाही. आणि इथे आपल्याला बाहेरून काही आणायची गरजच नाही, कारण आपल्याकडच्या भुतांना पत्ता असतो. मुंजा पिंपळावर, कारण मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत तो मुलगा गेला. गिऱ्हा पाण्यात, बुडून मेलेल्याचा, खाडीकाठाने रात्री जाणाऱ्याला हाका मारतो, पाणी गुडघाभरच आहे असं भासवतो. समंध स्वतःच्या धनावर बसून राहतो, मागे वारस नाही आणि जीव त्या जागेत अडकलेला. चकवा माणसाला रात्रभर एकाच ठिकाणी गोल फिरवतो, पहाट झाली की कळतं घर तर समोरच होतं. आता यातलं प्रत्येक कोण आहे, कुठे आहे आणि त्याचं काय राहून गेलंय हे तुम्हाला आयतं मिळालेलं आहे, याच्यावर कॅरेक्टर उभं करायला अजून काय लागतं!

माझी आजी खारेगावची, ती कधी भूत आलं असं म्हणायची नाही, ती म्हणायची आपण त्याच्या जागेवर गेलो. हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय आणि माझ्या मते या प्रकारच्या सिरीजची अख्खी दिशा त्यात आहे. शिकार म्हणजे नुसतं मारणं धरलं तर तिसऱ्या पुस्तकापर्यंत तुमच्याकडे करण्यासारखं काही उरत नाही, तोच फाइट सीन, फक्त राक्षस मोठा. पण याचं काय देणं राहिलंय ते शोधून काढणं ही जर शिकार असेल तर प्रत्येक पुस्तक वेगळं होतं, त्यात तपास येतो, सातबारा येतो, शेजारच्या म्हाताऱ्या काकू येतात, आणि मारामारी आली तरी तिला वजन येतं.

शब्दांचंही ठरवून घ्या. तुमची पोरं आपापसात डीमन म्हणणार नाहीत आणि राक्षस म्हटलं की डोळ्यासमोर रामलीला येते. आपल्याकडे खरा शब्द आहे 'बाहेरचं'. त्याला बाहेरचं लागलंय, बाहेरचं काहीतरी आहे. माझ्या सिरीजमधे शिकारी पोरं तेवढंच बोलतात, पी-टूला, म्हणजे दुसऱ्या पार्किंगला, बाहेरचं आहे, दोघं या. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो कारण हा शब्द त्याने घरात दबक्या आवाजात ऐकलेला असतो.

आता नियम. हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि इथेच सगळे घाई करतात. एकच नियम घ्या, तो घरातला असू द्या, आणि त्याला शेवटपर्यंत ताणून बघा. मी लोखंड घेतलं. बाळंतिणीच्या उशाखाली विळा नाहीतर सुरी ठेवतात हे सगळ्यांना माहितीये, लोखंड ओलांडून बाहेरचं येत नाही. ठीक आहे, मग ठाण्यात सगळ्यात जास्त लोखंड कधी आलं? 16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे, 34 किलोमीटर, देशातली पहिली प्रवासी गाडी, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं लावलेली. म्हणजे माझ्या जगात त्या दिवशी रूळ नाही पडले, कुंपण पडलं. 1854 ला ते कल्याणपर्यंत गेलं, खाडीवरून. 1916 ला पारसिकचा डोंगर पोखरून सव्वा किलोमीटरच्या वर लांबीचा बोगदा सुरू झाला, म्हणजे डोंगराच्या पोटात लोखंड गेलं, तिथे जे राहत होतं ते कुठे गेलं? खाडीपलीकडे वाशीला लोकल 1992 ला पोचली आणि ठाणे-वाशी लाईन 2004 ला, म्हणजे ठाण्यातून हाकललेलं सगळं जवळजवळ दीडशे वर्षं खाडीच्या त्या बाजूला मोकळं होतं आणि मग तिथेही कुंपण आलं. बघा, मी एकही राजा, एकही शापित तलवार शोधून काढली नाही, नुसत्या रेल्वेच्या तारखा एका ओळीत लावल्या आणि दीडशे वर्षांचा इतिहास तयार झाला.

मग नियमाला उलटे प्रश्न विचारायचे, आणि हे एकट्याने नाही, कोणीतरी हुशार पोरगं समोर बसवून. रूळ ओलांडता येत नाहीत तर वरून येता येईल का, स्टेशनच्या पादचारी पुलावरून? सबवेतून? म्हणून माझ्याकडे शिकाऱ्यांचा पहारा पुलांवर असतो. आणि एक प्रश्न असा आला की त्याच्यावर मी दुसरं पुस्तक आख्खं लिहिलं. टॉवर कशाचे बनतात? आरसीसी, म्हणजे आत सगळ्या सळया. लोखंडाचा पिंजराच तो. बाहेरचं आत येऊ शकत नाही, छान, पण बांधकाम चालू असताना जे त्या जमिनीवर होतं ते? ते आत अडकलं. स्लॅब पडला त्या दिवसापासून ते बाहेर जाऊ शकत नाहीये आणि त्याच्या डोक्यावर सत्तावीस मजले माणसं राहतात.

सीन कसा लिहायचा त्याचं हेच उदाहरण घेते. घोडबंदर रोडचा एक टॉवर, बेसमेंट पार्किंग, मे महिना, अजून पावसाचा थेंब नाही. सगळे खांब सरळ रांगेत आणि एक खांब रांगेपासून हातभर बाहेर, कारण खाली बुजवलेली विहीर आहे आणि त्या जागी पाया घेता आला नाही. त्या खांबाच्या बुडाशी जमीन ओली. वॉचमन रोज पुसतो, रोज ओली. अमावस्येला तो तिथे नारळ ठेवतो, सोसायटीच्या मीटिंगमधे त्यावर तक्रार झालीय म्हणून आता गाड्या आल्या की चप्पल घालायच्या बहाण्याने पुढे उभा राहून झाकतो. तुमची हिरोईन क्लासवरून येते, स्कूटी लावते, तिला शेवाळाचा वास येतो, विहिरीत वाकून बघितल्यावर येतो तो थंड वास. लिफ्टचं बटण दाबते आणि लिफ्ट वरून खाली यायच्या ऐवजी खालून वर येताना ऐकू येते, आणि त्या बिल्डिंगला त्याच्याखाली मजलाच नाहीये. एवढंच. दात, रक्त, किंचाळी काही लिहू नका, पुढचं पान वाचणारा स्वतः उलटतो.

नवी मुंबईत गोष्ट नेणार असाल तर जमिनीचा इतिहास माहीत करून घ्याच. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, 1970 ची, 95 गावांची जमीन घेऊन शहर उभं राहिलं, भातशेती, मिठागरं, खाडी, आणि 1984 ला जासईच्या आंदोलनात लोकांचे जीव गेले, त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळवायचा लढा, हे सगळं अजून घराघरात बोललं जातं. नोडच्या, म्हणजे सिडकोने आखलेल्या वस्तीच्या, मधोमध अचानक गावठाण लागतं, रस्ता अरुंद होतो, गावदेवीचं देऊळ आणि वडाचा पार येतो, तिथे तुमच्या दोन जगांमधली वेस आपोआप आहे. आणि जमीन आणि शाप यांचं नातं या भागात फार जुनं आहे. शिलाहारांच्या काळात, साधारण नववं ते तेरावं शतक, ठाणं म्हणजे श्रीस्थानक, तेव्हा दान दिलेल्या जमिनीवर दगड रोवायचे, वर चंद्र-सूर्य कोरलेले, म्हणजे ते आहेत तोवर हे दान टिकेल, आणि खाली शापाचं चित्र, जो हे मोडेल त्याच्या घराची अब्रू जाईल अशा अर्थाचं. त्याला गद्धेगळ म्हणतात. चित्र अश्लील आहे, चौदा वर्षांच्या वाचकासाठी वर्णन करायची गरज नाही, पण करार मोडला तर शाप हा विचार घ्या. असा एक दगड बांधकामाच्या मातीत डंपरमधून निघून गेला, इथून माझं तिसरं पुस्तक सुरू होतं.

शिकारी कसे बनतात हेही घरातूनच घ्या. निवडलेला मुलगा, कपाळावर खूण, हे मला पटत नाही. आपल्याकडे वसा असतो. उतत नाही, मातत नाही, घेतला वसा टाकीत नाही, श्रावणातल्या कहाण्यांमधे आजीने वाचलेलं. वसा कोणीही घेऊ शकतं, पण घेतल्यावर सोडता येत नाही आणि माजलं तर जातो, म्हणजे शक्ती कशी मिळते, तिची किंमत काय आणि ती कशी जाते, तिन्ही एका ओळीत.

पोरांचं वय सोळा-सतरा असेल तर त्यांची खरी अडचण राक्षस नसतोच, घर असतं. बारावीचं वर्ष, क्लासची टेस्ट सिरीज, फोनवर लोकेशन शेअर, आई दहा वाजता कॉल करते. हे उडवून लावू नका, आई-बाबांना मूर्ख किंवा गायब करू नका, माझ्या वाचक मुलींना सगळ्यात जास्त रडू त्या सीनला आलं जिथे आईला संशय येतो की मुलीचं काहीतरी चुकीचं चाललंय आणि ती न बोलता रात्री दोन वाजता पोळी गरम करून देते. शेवटची लोकल गेली की मधले काही तास गाड्या बंद असतात, ते तास तुमच्या पोरांचे. रिक्षाला पैसे कुठून आले तेही लिहा.

आता काही गोष्टी करू नका असं मी हात जोडून सांगेन. ठाण्यातलं मनोरुग्णालय 1901 पासून आहे, तिथे आजारी माणसं उपचार घेतात, ते भूतबंगला म्हणून वापरू नका. येऊरच्या पाड्यांवरचा वाघोबा हा तिथल्या लोकांचा देव आहे, साती आसरा पण देवता आहेत, त्यांना मॉन्स्टर करू नका, त्यांची परवानगी घेऊन शिकारी जंगलात जातात असं लिहा, सीन उलट जास्त चांगला होतो. आणि अंगात आलेल्या बाईला मारझोड करून भूत काढलं असा सीन कधीच नको. हे खऱ्या आयुष्यात होतं, बायकांचे जीव गेलेत, म्हणून तर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. माझ्या पुस्तकात एक भोंदू आहे, तो पकडला जातो आणि त्याच्याकडे आणलेल्या मुलीला डॉक्टरकडे नेतात, तिला बाहेरचं काही नसतंच. हडळीचंही तसंच, बाळंतपणात गेलेली बाई ती, तिची पाठ पोकळ आणि पाय उलटे एवढंच दाखवून थांबलात तर तिच्यावर दुसऱ्यांदा अन्याय होईल.

सिरीजचा सांगाडा फार ताणू नका, पहिल्या पुस्तकात एक जागा, एक बाहेरचं, एक देणं, आणि ते पूर्ण झालं पाहिजे, पुढच्या पुस्तकासाठी अर्धवट सोडायचं असेल तर नियमातला एखादा प्रश्न सोडा, गोष्ट नको.

लिहायच्या आधी फिरा. संध्याकाळी तलावपाळीला बसा, कोपिनेश्वराच्या घंटा पाण्यावरून कशा ऐकू येतात ते ऐका, गायमुखला खाडीचा वास भरतीला वेगळा आणि ओहोटीला वेगळा येतो तो घ्या, गावठाणातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा इथे पूर्वी काय होतं, भूत आहे का असं विचारू नका, पूर्वी काय होतं एवढंच, बाकी ते आपणहून सांगतात.

आणि तीन प्रकरणं झाली की थांबून ती एखाद्या शाळा-कॉलेजच्या पोराला द्या, आणि वाचताना जवळ बसू नका. माझी मावसबहीण आता बारावीत आहे, नवीन ड्राफ्ट तिलाच दिला. राक्षस आपल्याकडे कशाला आला हे तिने या वेळी विचारलं नाही. अकराव्या पानावर पेन्सिलने लिहून दिलं, वाशीची गाडी ठाण्याला नऊ-दहा नंबरवरून सुटते, ही दोन नंबरवर उभी राहून काय करतेय? ते पान मी त्याच रात्री बदललं.