अल्बिन काउंटर गँबिट: सातव्या खेळीला हात आवरा

विश्रामबागेत माझ्याकडे बुद्धिबळ शिकायला येणाऱ्या पोरांना काळ्याकडून मी हा गँबिट, म्हणजे प्यादं देऊ करून केलेली डावाची सुरुवात, आवर्जून शिकवते. अक्षर-आकडा म्हणजे पटावरचं घर; आधी पांढऱ्याची खेळी, मग आपली: डी४ डी५, सी४ ई५! पांढऱ्याने ई५ मारलं की आपलं प्यादं डी४ला सरकवा. १८९३ मध्ये न्यूयॉर्कला बुद्धिबळपटू अल्बिन हीच सुरुवात एमान्युएल लास्कर या खेळाडूविरुद्ध खेळला होता.

पांढऱ्याने ई३ केलं, तर उंट बी४ शह. पांढरा त्याचा उंट डी२ला आणेल. प्याद्याने ई३ मारा. त्याने आपला उंट मारला, की एफ२ मारून शह, राजा ई२.

आता जी१चा घोडा मारून वजीर करू नका! पांढरा आधी डी८चा वजीर शहासह मारेल, मग हत्तीने हा नवा वजीरही. प्याद्याचा घोडाच करा, शह बसतो. हत्तीने तो मारला तर उंट जी४ शह, मागचा वजीर आपला.

चौथ्या खेळीला घोडा एफ३ आला, तर हा सापळा लागत नाही. घोडा सी६ खेळून डी४ जपा.