डिझेल मोटरहोम घेण्याआधी: ट्रायल भरलेल्या गाडीची, थंड इंजिनावर आणि घाटात

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मोटरहोम, म्हणजे लोकांच्या तोंडची कॅराव्हॅन, घ्यायची तर बहुधा सेकंडहँडच बघितली जाते. एकतर टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली, नाहीतर बसच्या चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, बांधलेली मोठी. विकणारा गाडी धुऊन, इंजिन गरम करून उभी ठेवतो. पाण्याची टाकी रिकामी असते, आत सामान नसतं आणि हायवेवर चार किलोमीटरची फेरी होते. अशा फेरीत कुठलीही गाडी चांगलीच वाटते. म्हणून फोनवरच तीन अटी घाला: आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही, पाण्याच्या टाक्या काठोकाठ भरायच्या, आणि गाडी घाटात न्यायची. डिझेलचे पैसे तुम्ही द्या, मालकाला शेजारी बसवा, पण या तिन्हींपैकी एकही अट सोडू नका.

स्टिअरिंग हातात घेण्याआधी लायसन्स आणि इन्शुरन्स बघा. ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीला एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं, लायसन्स चालतं. बसच्या चासीवरची मोठी गाडी त्याच्या वर जात असेल तर जड वाहनाचं लायसन्स असलेला चालक सोबत न्या. इन्शुरन्सची तारीख उलटलेली असेल तर ट्रायल त्या दिवशी नकोच; घाटात काही झालं तर सगळं तुमच्या अंगावर येईल.

थंड इंजिन

सकाळी लवकर जा. बॉनेटवर, मग रेडिएटरच्या वरच्या पाइपवर हात ठेवा. कोमट लागलं तर इंजिन आधी सुरू करून बंद केलेलं आहे. दुसऱ्या दिवशी परत या. थंड असेल तर डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी, काढा. डिझेल इंजिनाचं तेल काळं असणारच, त्यात काही वावगं नाही. पण ते ताकासारखं पांढरट झालं असेल तर पाणी तेलात उतरतंय. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल आणि तेलाला डिझेलचा वास येत असेल तर डिझेल खाली उतरतंय. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) टाकीत तेलाचा तवंग किंवा गंजाचा तांबडा गाळ दिसला तर पुढचं सगळं अधिक कडकपणे तपासा. रेडिएटरचं झाकण फक्त थंड असतानाच उघडायचं.

चावी फिरवा, पण सेल्फ मारू नका. इंजिनचा दिवा आणि एबीएसचा दिवा आधी पेटला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. जो दिवा पेटतच नाही त्याची वायर कुणीतरी काढलेली असू शकते. आता एक माणूस मागे सायलेन्सरजवळ उभा करा आणि सेल्फ मारा. सुरुवातीला थोडा पांढरा धूर येऊन मिनिटभरात थांबला तर चालतं. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर इंजेक्टर (डिझेल फवारणारी तोटी) नीट काम करत नाही किंवा पाणी जळतंय. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. रेस दिल्यावर काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त: एअर फिल्टर, टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) फाटलेला होज, खराब इंजेक्टर यांपैकी काहीतरी. पाच मिनिटांनी, इंजिन चालू असतानाच, तेल ओतायचं झाकण सैल करा. हलकी वाफ ठीक. झाकण उडू लागलं आणि धक्क्या-धक्क्याने धूर येऊ लागला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत, आणि तो खर्च इंजिन उतरवण्याचा आहे.

१ एप्रिल २०२० नंतर नोंदलेल्या बीएस-६ गाडीत अॅडब्लूची, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची, टाकी असेल तर तिचं झाकण बघा. झाकणाभोवती आणि नळीच्या जोडावर पांढरे खडे साचले असतील तर गळती आहे. एक्झॉस्टमधला डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, लहान-लहान फेऱ्यांनी काजळी धरतो, आणि महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या मोटरहोमला हा रोग जास्त. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून साठवलेले बिघाडाचे कोड वाचून घ्या. सगळे कोड नुकतेच पुसलेले दिसले तर त्याचं कारण विचारा.

काट्यावर

ट्रायलमधला सगळ्यात महत्त्वाचा अर्धा तास हा आहे, आणि बहुतेक लोक तो गाळतात. आपल्याकडे ऊस असल्यामुळे वजनकाटा शोधावा लागत नाही. गळीत हंगामात मात्र कारखान्याच्या काट्यावर ट्रॅक्टरची रांग असते, तेव्हा रस्त्यावरचा खासगी काटा गाठा.

आधी हिशेब घाला. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो. ७० लिटर डिझेल जवळपास ५८ किलो. १५० एएचच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या मिळून ११० ते १२० किलो. चार माणसं २८० किलो, भांडी-कपडे-गॅस १०० किलो. एवढ्यातच साडेसातशे किलो झाले, आणि यात कपाटं, पलंग, छतावरचा एसी धरलेले नाहीत. गाडी बांधणाऱ्याने प्लायवूड जाड वापरलं असेल तर चार माणसं बसल्यावर आरसीवर लिहिलेलं एकूण वजन ओलांडलं जातं. अशा गाडीचे पाटे, म्हणजे स्प्रिंग, बसतात, ब्रेक लवकर तापतात आणि मागचे टायर फुटतात.

टाक्या भरून, माणसं बसवून तीन वजनं घ्या: फक्त पुढची चाकं काट्यावर, पूर्ण गाडी, आणि फक्त मागची चाकं. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा एक्सल ओव्हरलोड असू शकतो. पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या मागच्या चाकांच्याही मागे बसवल्या असतील तर त्या तराजूसारख्या काम करतात: मागे दाबतात आणि पुढची चाकं उचलतात. पुढचं वजन कमी झालं की ८० च्या वेगात स्टिअरिंग हलकं होऊन गाडी भरकटते. टायरच्या कडेवर कमाल भार लिहिलेला असतो, जोडचाकांसाठी वेगळा आकडा असतो. मागच्या एक्सलचं वजन त्याच्याशी ताडून बघा. तिथेच टायरचं वयही बघा. टायरच्या कडेवरच्या डॉट (DOT) कोडच्या शेवटच्या चार आकड्यांत '२३२१' असेल तर टायर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यातला. मोटरहोमचे टायर झिजण्याआधी उन्हात उभे राहून तडकतात, म्हणून नक्षी कितीही चांगली असली तरी सहा वर्षांपुढच्या टायरची किंमत शून्य धरा.

मोकळ्या आवारात

कुठल्याही मंगल कार्यालयाचं आवार लग्न नसलेल्या दिवशी मोकळं असतं. जमिनीवर खडूने सरळ रेघ मारा, गाडी त्या रेघेला चिकटून समांतर उभी करा आणि स्टिअरिंग रेघेच्या उलट बाजूला पूर्ण फिरवून हळू पुढे काढा. मागचा कोपरा रेघेच्या बाहेर किती गेला ते टेपने मोजा. मागच्या चाकांमागे गाडी जितकी लांब, तितकी शेपूट जास्त फिरते. नियमाने हा मागचा भाग व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) ६० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये, तोही मोजा. बेळगावच्या गल्लीत उजवीकडे वळताना डाव्या बाजूच्या स्कूटरला लागतो तो हाच कोपरा.

मग एक पुढचं चाक फूटपाथच्या कडेवर किंवा जाड फळीवर चढवा आणि गाडी तशीच तिरकी उभी ठेवा. आता मागचं दार, खिडक्या आणि प्रत्येक कपाट उघडून बघा. दार अडकलं किंवा चौकटीत फट पडली तर बॉडी चासीवर नीट बसवलेली नाही, आणि खड्ड्यांतून दोन वर्षं गेल्यावर तिथूनच पाणी आत येणार.

मोठ्या गाडीला एअर ब्रेक असेल तर चाकांना दगड लावून तपासा. हवा साधारण ७ ते ८ बारपर्यंत भरली पाहिजे. इंजिन बंद करा आणि पेडल मिनिटभर दाबून धरा. काटा पहिल्यांदा थोडा उतरेल, नंतर तो सरकत राहिला तर गळती आहे. साबणाच्या फेसाने जागा सापडते. मग पेडल पुन्हा पुन्हा दाबून हवा संपवत जा. ५ बारच्या आसपास धोक्याचा बझर वाजलाच पाहिजे.

रस्त्यावर

बेळगावहून निघायचं तर काकती, वंटमुरी घाट, हत्तरगी, संकेश्वर, तवंदी घाट आणि निपाणीहून परत ही फेरी योग्य आहे. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर होतात आणि यात हायवे, चढ, उतार, टोलचं थांबा-चला सगळं येतं. दोन तासांत सीट कमरेला लागते का, क्लच दाबून गुडघा दुखतो का, हेही कळतं. गावात हे कळणार नाही.

हायवेवर ७० ते ८० वर ठेवा. रेडिओ, एसी, गप्पा बंद. शेजारून मोठा ट्रक गेला की गाडी आधी बाहेर ढकलली जाते आणि मग त्याच्याकडे ओढली जाते. थोडं होणं साहजिक आहे, पण सावरताना स्टिअरिंग सारखं दोन्ही बाजूंना फिरवावं लागत असेल तर चाकं वळवणारे पुढचे किंगपिन, टाय रॉड किंवा पाट्यांचे बुश गेलेत. वेग धरल्यावर पायाखालून गुंगुं आवाज येऊन ठरावीक वेगाला थरथर वाढत असेल तर प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस किंवा सेंटर बेअरिंग बघायला हवं. अॅक्सिलरेटर सोडल्यावर मागून घूं आवाज आला तर हाउसिंग, म्हणजे मागच्या एक्सलमधला गिअरचा गोळा, बघायचं. मागे रस्ता मोकळा असताना ४० वर असताना जोरात ब्रेक मारा. गाडी एका बाजूला गेली तर त्या चाकाचा नव्हे, बहुधा विरुद्ध बाजूच्या चाकाचा ब्रेक कमी पकडतो आहे.

घाट लागला की एसी चालू करा आणि वरच्या गिअरमध्ये पूर्ण अॅक्सिलरेटर द्या. इंजिनचा आवाज चढला पण वेग चढला नाही, आणि जळका वास आला, तर क्लच घसरतोय. टर्बोची शिट्टी बारीक असते. सोसाट्याचा फुस्स आवाज आणि ओढ कमी असेल तर इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप कुठेतरी फाटलाय. तापमानाचा काटा मधल्या खुणेपाशी स्थिर राहिला पाहिजे. तो सरकत वर जात असेल तर बऱ्याचदा रेडिएटरच्या जाळीत धूळ-पाचट बसलेलं असतं, पण इथे विकणाऱ्याच्या "साफ केलं की होईल" यावर पैसे मोजू नका. साफ करून पुन्हा चढवायला सांगा.

उतरताना जुना नियम पाळा: ज्या गिअरमध्ये चढते त्याच गिअरमध्ये उतरवायची. एक्झॉस्ट ब्रेक (धूर अडवून इंजिनाने गाडी आवरणारा) असेल तर तो चालू केल्यावर गाडी आवरली पाहिजे. घाट संपल्यावर थांबा, हँडब्रेक लावून ती उतारावर उभी राहते का बघा, आणि चारही चाकांच्या मधोमध इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. एकाच एक्सलच्या डाव्या-उजव्या चाकांत मोठा फरक असेल तर गरम चाकाचा ब्रेक अडकलाय किंवा बेअरिंग जातंय. थंड राहिलेलं चाक ब्रेकच लावत नाही. थर्मामीटर नसेल तर तळहात चाकाजवळ नेऊन अंदाज घ्या, हात लावू नका. दोन मिनिटं आयडलला ठेवून इंजिन बंद करा. दहा मिनिटांनी पुन्हा सेल्फ मारा. गरम इंजिन लगेच पकडलं पाहिजे. लांबवर सेल्फ मारावा लागला तर इंजेक्टर किंवा हाय प्रेशर पंपात गळती असण्याची शक्यता मोठी.

चोर्ला घाटातून गोव्याला न्यायचीच गाडी घेत असाल तर जांबोटी, कणकुंबी मार्गे तोही घाट करा. तिथली वळणं तीव्र आहेत, आवारात मोजलेल्या शेपटीचा अर्थ तिथे कळतो. पावसाळ्यात मोठ्या गाड्यांना सोडतात का ते आधी विचारून घ्या.

आतलं घर

चालत्या गाडीत मागे एकाला पट्टा लावून बसवा. कपाटाची दारं आपोआप उघडणं, भांड्यांचा खडखडाट, टाकीतल्या पाण्याचे धक्के हे सगळं त्याने लिहून घ्यायचं. परत आल्यावर इंजिन चालू ठेवून गाडीतल्या घराच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावा. १२ व्होल्टच्या व्यवस्थेत १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत, २४ मध्ये साधारण दुप्पट. त्यापेक्षा कमी आले तर गाडी चालत असताना बॅटऱ्या नीट भरत नाहीत. पाण्याचा पंप नळ बंद असताना थांबलाच पाहिजे. अधूनमधून आपोआप सुरू होत असेल तर पाइप कुठेतरी झिरपतोय. गॅसच्या प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावा.

खानापूर-कणकुंबीकडचा पाऊस बघता छताची परीक्षा अनिवार्य आहे. छतावरच्या एसीभोवती, खिडक्यांच्या वर, शिडीच्या बोल्टांवर पाइपने पंधरा मिनिटं पाणी सोडा. मग आत त्या जागी प्लायवूड अंगठ्याने दाबा. मऊ लागलं किंवा कोंदट वास आला तर आत कुजलेलं आहे, आणि हे पॅनेल उघडल्याशिवाय किती पसरलंय ते कळत नाही.

आरसीवर वाहनाचा वर्ग 'मोटर कॅराव्हॅन' लिहिलेला आहे का ते पहा. मालवाहू किंवा प्रवासी म्हणून नोंदलेली गाडी परवानगीशिवाय घर बनवलेली असेल तर मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, आणि इन्शुरन्सचा दावाही अडतो. चासी नंबर खुद्द चासीवर वाचा. केए-२२ किंवा केए-२३ ऐवजी एमएच-०९ ची कोल्हापूरची गाडी असेल तर तिकडून एनओसी आणि इकडे नवी नोंदणी, कर हे सगळं किंमत ठरवण्याआधी मोजा. १२ महिन्यांच्या पुढे दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या गाडीला नवी नोंदणी लागतेच.

शक्य असेल तर त्या रात्री गाडी तिथेच उभी राहू द्या आणि इंजिन, गिअरबॉक्स, हाउसिंग यांच्याखाली कोरडा पुठ्ठा पसरा. सकाळी पुठ्ठ्यावरचे डाग कुठल्या भागाखाली पडलेत ते बघा, डिपस्टिक आणि कूलंटची पातळी कालच्या खुणेशी जुळवा, आणि मगच मिस्त्रीला घेऊन किमतीचं बोलणं सुरू करा. गोकाक-संकेश्वरकडचा विकणारा असेल तर कन्नड बोलणारा माणूस सोबत असू द्या. गाडीची खरी हकिगत बऱ्याचदा मालकाकडून नाही, गॅरेजमधल्या पोऱ्याकडून कळते.